मोठ्या टोपल्यांचा निरोप

इनास, तुझ्या शोकसभेत तुझी ती गोष्ट निघाली. निघणारच होती. इथे आखातात, मनामातल्या हॉलमध्ये आपली साठ-पासष्ट माणसं होती, फादरांची प्रार्थना झाली, दोघंतिघं बोलले, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सावंत, खलासची गोष्ट सांगा. इनासला आवडायची." लोक हसले. रडून थकलेली माणसं हसतात तसं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ती गोष्ट दरवेळी मीच सांगतो. माझ्या आठवणीप्रमाणे नऊ वर्षांत निदान तीस वेळा सांगितली असेल.

मी उभा राहिलो. घसा धरलाय म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं आवाज फुटत नाही. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही.

ती गोष्ट आज मी तुलाच सांगतो. तुला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. पण ती खरी कशी घडली हे माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

त्या वर्षी तू बागेत नवा होतास. जिदहफ्सच्या मागच्या अंगाला हाजीची ती खजुराची बाग, तिच्या कडेला दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत आपण दोघं. मी अस्करला कारखान्याच्या स्टोअरमध्ये, तू हाजीच्या शिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर. तीन पिढ्या त्यांच्या घरात खजुराचा शिरका बनत होता. झाडावरून पडलेला, पक्ष्यांनी टोचलेला, उतरत्या जातीचा खजूर रांजणात पाण्यात घालायचा, चाळीस दिवसांनी गाळायचा. आली या गावच्या कुंभारांकडून आणलेले रांजण, पत्र्याची शेड, आणि खाऱ्या होत चाललेल्या विहिरीचं पाणी. एवढाच कारखाना.

तुला का आणलं होतं ते तूच मला सांगितलंस. खजूर आंबला की आधी त्याची दारू होते, मग शिरका. मधले दोन-तीन आठवडे तो माल हाजीला चालायचा नाही. त्या दिवसांत त्यांच्या घरातलं कुणी शेडचा उंबरा ओलांडायचं नाही. म्हणून त्यांना एक ख्रिस्ती माणूस हवा होता, आणि तुझ्या वसईच्या घरात ताडीचा शिरका बाबा स्वतः करायचे. "माझी खरी नोकरी तीन आठवड्यांची," तू म्हणायचास. "बाकीचे एकोणपन्नास आठवडे मी हाजीचा पाहुणा. फक्त पाहुण्याचा पासपोर्ट कपाटात ठेवतात."

तेव्हा आपण त्यावर हसत होतो.

तुला जानेवारीत घरी जायचं होतं. करार दोन वर्षांचा, पण बाबांच्या काचबिंदूचं कारण सांगून तू एका वर्षानंतर सुट्टी कबूल करून घेतली होतीस. हाजीनं तोंडी हो म्हटलं होतं. तू मला बाबांची नजर कशी मोजायची ते सांगायचास, कारण मला आकडे लागतात हे तुला माहीत होतं. "बाबांना आता खिडकी दिसते. खिडकीसमोर माणूस उभा राहिला तर माणूस दिसतो, कोण ते चेहऱ्यावरून कळतं. जानेवारीपर्यंत एवढं टिकलं की झालं. मी खिडकीसमोरच उभा राहीन."

ऑगस्टमधला तो शुक्रवार. मला सुट्टी होती. तुझे हात कोपरापर्यंत रांजणात, तू आतून घासत होतास. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दुकानदार कोयानं हाक मारली, हाजीचा फोन आहे म्हणून. तू म्हणालास, "सावंत, जा ना तू. माझे हात बघ." मी गेलो.

हाजी मुहर्रकला बहिणीकडे होता. लाइन खराब. तो आपल्याशी बोलायचा तसं अर्धं हिंदी, अर्धं अरबी बोलला. "वो टोकरी, बडावाला, कबीर, वो खलास है. खलास. मालूम?"

"मालूम, हाजी," मी म्हणालो. कबीर म्हणजे मोठं, तेवढं मला येत होतं. त्यानं फोन ठेवला.

माझ्या वहीत तेव्हा तीनशे सव्वीस अरबी शब्द होते. रोज एक, कधी दोन, अर्थासकट. सलाम, शुक्रन, यल्ला, आणि चौथा खलास. खलास म्हणजे संपलं, झालं. आपल्या लोकांत मला अरबी येतं असा माझा लौकिक होता आणि तो मला फार आवडायचा. खलास हे खजुराच्या एका जातीचंही नाव आहे, इथला सगळ्यात चांगला खजूर, हे माझ्या वहीत नव्हतं. शेडमध्ये कोपऱ्यात झावळ्यांच्या अकरा मोठ्या टोपल्या शिवून ठेवल्या होत्या. त्यांच्याबद्दल हाजी एवढंच सांगत होता की त्या टोपल्यांत खलास आहे, सांभाळा.

मी परत आलो. आता आपण जे बोललो ते शब्दशः सांगतो.

"काय म्हणतो?"

"मोठ्या टोपल्या खलास म्हणतो."

"खलास म्हणजे?"

"खलास म्हणजे संपवा. सगळ्या घालून टाक आजच."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

तू एका टोपलीची शिवण उसवलीस, एक खजूर तोंडात टाकलास, चघळत उभा राहिलास. "सावंत, हा सडका नाही रे. हा तर पाहुण्यापुढे ठेवायचा माल आहे. परत एकदा विचार ना फोन करून."

"अरबी तुला येतं का मला?"

"तुला."

"मग घाल."

"घालतो बाबा, मोजपट्टी." मला तू मोजपट्टीच म्हणायचास.

हाजी आला पाचव्या दिवशी. रांजण उकळ्या मारत होते, वास सुटला होता, म्हणून तो उंबऱ्याशीच थांबला. रिकाम्या टोपल्यांची चळत त्याला दिसली. त्यानं एक टोपली काठीनं ओढून जवळ घेतली, आत हात घालून पाहिलं आणि तुला विचारलं, "खलास?"

तू घाम पुसत, काम पुरं केलेल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणालास, "खलास, हाजी."

लोक हसतात ते इथे. मीही इथे थांबतो, हसू ओसरू देतो, मग पुढे जातो. खरं तर तेव्हा कुणी हसलं नव्हतं. हाजी उंबऱ्यावर बसला, रांजणांकडे पाठ करून. मग त्यानं सावकाश समजावलं. त्याच्या बापानं लावलेली सात झाडं. त्या वर्षीचा सगळा खलास. मुलीच्या सासरी पहिल्यांदा जायचा होता. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सावंत, मैं तुमको बोला ना?"

आणि तू, हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकून, म्हणालास, "हाजी, सावंत बराबर बोला. मेरा कान खराब. मैं गलत सुना."

मालतीच्या व्हिसासाठी घरमालकाचं पत्र लागत होतं, बायको-मुलीसाठी जागा आहे म्हणून. ते पत्र हाजीकडे सहीसाठी पडलं होतं. हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी खाली पाहिलं.

हाजी म्हणाला, ठीक आहे, माणूस चुकतो. पुढच्या वर्षीचा खलास तू स्वतः नीट उतरव, माझ्या मुलीच्या दारात तुझ्या हातानं पोचव, आणि मग घरी जा. इंशाल्ला. जानेवारीतल्या सुट्टीबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस. तूही इंशाल्ला म्हणालास.

दुपारी खोलीत तू भात लावलास. मी विचारलं, "का बोललास असं?"

"वहिनी यायच्यात ना."

"आणि तुझे बाबा?"

"नऊ महिने म्हणजे काय रे. नजर काय दिव्यासारखी फटकन जात नाही." तू झाकण उचलून पाहिलंस. "पत्रावर सही झाली की तू हाजीला सांग, माझ्याकडून चुकलं म्हणून. तुझ्यावर तो चिडणार नाही. तू भाडं देतोस. मग मला सोडेल."

सही बाराव्या दिवशी झाली. मालती आणि आमची मुलगी नोव्हेंबरात आल्या, तू शेजारच्या खोलीत गेलास. मी हाजीला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता मालती येईपर्यंत थांबू असं ठरवलं. मालती आल्यावर वाटलं, आता घर थाटलंय, खोली गेली तर दोघींना घेऊन कुठे जाऊ. तू पहिल्या महिन्यात दोनदा माझ्याकडे पाहिलंस. तिसऱ्यांदा पाहिलं नाहीस.

मला कुणी कोंडून घातलं नव्हतं, इनास. रोज सकाळी कारखान्याची बस यायची, मी अस्करला जायचो, संध्याकाळी परत यायचो, आणि दोन्ही वेळा मला तू दिसायचास. भिंतीआड, झावळ्यांच्या कुंपणात, त्याच शेडमध्ये. तुझी खोली रिकामी दिसली असती तर मला मोकळं वाटलं असतं असं नाही. पण तू तिथे असेपर्यंत मला बागेचं दार ओलांडूनही बाहेर पडल्यासारखं वाटत नव्हतं.

आणि तो शिरका. तो तर होईचना.

आता तो आकडा सांगतो, जो मी कुणाला कधी सांगितला नाही. रांजणाला खजूर लागतो सोळा-सतरा किलो. त्या दिवशी सहाच रांजण रिकामे होते. अकरा टोपल्या, टोपलीला अठरा किलो, एकूण एकशे अठ्ठ्याण्णव. भागिले सहा. तू प्रत्येक रांजणात तेहतीस किलो घातलास. तुझ्यासारखा माणूस, शिरक्याच्या घरात जन्मलेला, दुप्पट खजूर स्वतःहून घालेल? तू घातलास कारण सगळं संपव असं मी सांगितलं होतं. ते गोडाचं पाणी इतकं दाट झालं की दारू होऊन तिथेच अडकलं. चाळीस दिवस झाले, ऐंशी झाले. थंडी आली. शिरका नाही.

दर गुरुवारी हाजी यायचा आणि आंब्याच्या झाडाखाली उभा राहून ओरडायचा, "इनास, खल?" झाला का शिरका?

"मफी खल, हाजी." नाही झाला.

तो परत जायचा. स्वतःच्या बापाच्या शेडमध्ये त्याला आठ महिने पाऊल टाकता आलं नाही. तू बाहेर पडू शकत नव्हतास, तो आत येऊ शकत नव्हता, आणि मधे सहा रांजण. रोज सकाळ-संध्याकाळ तू ते ढवळायचास, रांजणांच्या तोंडाला बांधलेल्या कपड्यावरच्या माश्या झटकायचास. शुक्रवारी चर्चमध्ये मिसाला जायचास तेवढा बागेबाहेर. एकदा मआमीरला तुझ्या गाववाल्याच्या पोरीचं बारसं होतं, तू गेला नाहीस. म्हणालास, "याला सोडून कुठे जाऊ? तान्हं पोर घरी ठेवून गेल्यासारखं वाटतं."

फेब्रुवारीत झाडं चढून फुलोऱ्यात पराग बांधायचं काम आलं. तू वर असायचास, मी खालून मोजायचो, किती झालं, किती राहिलं. वरून तू ओरडायचास, "सावंत, समुद्र दिसतो रे इथून." "मग?" "मग काही नाही. पलीकडे मुंबई असेल ना, म्हणून सांगितलं." ती दिशाच नव्हती. मी सांगितलं तुला. तू म्हणालास, "तुला सगळं खरंच सांगायला हवं का?"

हे वाक्य तू सहज बोलला होतास, मला माहीत आहे.

शेवटी तू बाबांना विचारलंस. त्यांना वाचता येत नव्हतं आता, म्हणून कॅसेट. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर कॅसेट जायची, येताना त्याच कॅसेटवर उत्तर भरून यायचं. बाबांचं उत्तर मी तुझ्याबरोबर ऐकलं. "गोड जास्त झालंय. अर्धं काढ, तेवढंच पाणी घाल, उन्हात ठेव. हे मी तुला आठ वर्षांचा होतास तेव्हा सांगितलंय. तू ऐकलंस कधी? कान आहेत का नुसती भोकं? हाजीचं नाही ऐकलंस, माझं तरी ऐक."

तू घरी तेच कळवलं होतंस. की माझ्या ऐकण्यात चूक झाली म्हणून अडकलो. माझं नाव तिथेही नव्हतं.

सहाचे बारा रांजण झाले. आली गावाहून सहा नवीन आणायला मी तुझ्याबरोबर आलो होतो, एवढं तरी केलं. एप्रिलात त्यावर साय धरली, वास फिरला, डोळ्यांत पाणी आणणारा खरा शिरका झाला. हाजीची म्हातारी आई काठी टेकत शेडमध्ये आली, तिनं चमचा चाटला आणि अजून एक चमचा मागितला. हाजी तुझ्याकडे पाहून हसला. त्याच आठवड्यात पहिली बाटली तू मालतीला आणून दिलीस. त्यात तिनं घातलेलं मिरचीचं लोणचं आपण वर्षभर खाल्लं. मला ते दर घासाला लागायचं. लोक म्हणायचे, सावंतांच्या डोळ्यांत पाणी आलं बघा, केवढं झणझणीत.

जूनमध्ये रोझीचं पत्र आलं. तुझ्या बायकोचं अक्षर मोठं, एका पानावर आठ-नऊ ओळी. तू ते मला वाचायला दिलंस. त्यात घरचं सगळं होतं, आणि मधेच एक ओळ: "बाबा आता खिडकीकडे तोंड करून बसत नाहीत."

तू पत्र परत घेतलंस, घडी घातलीस आणि विहिरीवर गेलास. पंप लावायची वेळ झाली होती.

सप्टेंबरात तू सात झाडांचा खलास स्वतः उतरवलास, स्वतः शिवलास, हाजीच्या मुलीच्या दारात पोचवलास. दोनशे पंचावन्न दिवस उशिरा घरी गेलास. पंचेचाळीस दिवसांनी परत आलास. मी विमानतळावर आलो होतो. गाडीत बसल्यावर विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"काय म्हणाले?"

"हातानं तोंड बघितलं माझं. म्हणाले, बारीक झालास. मग कान धरला, म्हणाले, हाच ना तो?" तू खिडकीबाहेर बघत हसलास. "चांगला जोरात धरला हं. नजर गेली, पकड गेली नाही."

आता माझी खरी चूक सांगतो. टोपल्यांचा निरोप ही चूक होती, ती कुणाच्याही हातून होऊ शकते. हाजीसमोर गप्प बसलो ती भीती होती. पण त्याच दिवाळीत, तू आल्यावर आठ-दहा दिवसांनी, आमच्याकडे फराळाला माणसं जमली आणि मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. विनोद म्हणून. हाजी म्हणाला खलास, मी इनासला सांगितलं खलास, आणि या पठ्ठ्यानं ऐकलं संपवा. केवढे हसले लोक. तूही हसलास. हाजीसमोर माझ्यासाठी तू जे खोटं बोललास, ते मी उचललं आणि खरं म्हणून वापरायला लागलो. तुझ्याविरुद्ध.

लोक गेल्यावर तू ताटं उचलताना म्हणालास, "सावंत, मी ऐकलं असं नाही हं. संपवा तू म्हणालास."

"मी खलास म्हणालो."

"मी विचारलं, खलास म्हणजे? तू म्हणालास, संपवा."

"मी असं कशाला म्हणेन? मला अर्थ माहीत नव्हता का?"

मालती आत होती. तू ताटं एकावर एक ठेवलीस. मग म्हणालास, "बरं."

हा वाद तू कधी सोडला नाहीस आणि कधी वाढवलाही नाहीस. वर्षा-दोन वर्षांनी, पंप दुरुस्त करताना, नाहीतर पत्ते पिसताना, मधेच विचारायचास. "सावंत, खरं सांग, तू काय म्हणाला होतास?" मी म्हणायचो, "खलास." दरवेळी माझा आवाज अधिक पक्का. सांगून सांगून मलाच ते तसं दिसायला लागलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी तू विचारलंस, मी तेच उत्तर दिलं, आणि तू मान हलवून म्हणालास, "असेल बाबा. माझाच कान असेल." तेव्हा तू मला चिडवत नव्हतास. तुला खरंच तसं वाटायला लागलं होतं. माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास घालवायला सात वर्षं लागतात. ते मी केलं.

तरी तू माझ्या मुलीला पोहायला शिकवलंस. तिला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्रजी, तू तिच्याशी वसईच्या बोलीत बोलायचास आणि ती तुला बिनदिक्कत उत्तर द्यायची, "नो, इनासकाका, दॅट्स नॉट फेअर." मला मलेरियानं पछाडलं तेव्हा रात्रपाळीच्या नर्सपेक्षा तू जास्त जागलास. हे मी कुठे मांडू? याचं माझ्याकडे माप नाही.

शोकसभेहून घरी आल्यावर मालतीनं विचारलं, "अहो, गोष्ट का नाही सांगितलीत? बिचाऱ्याला आवडायची."

मी म्हणालो, "त्या वर्षी त्यानं रांजणात तेहतीस-तेहतीस किलो घातले होते."

ती चपला काढत होती, थांबली. इतकी वर्षं ती तुझ्या शिरक्यावर लोणची घालतेय, तिला प्रमाण माहीत आहे. "तेहतीस? इनासभाऊजी एवढे कशाला घालतील? त्यांना कुणीतरी सगळं संपवा म्हटल्याशिवाय..."

चपला जागेवर ठेवून तिनं विचारलं, "माझ्या व्हिसाच्या पत्रासाठी?"

"आधी पत्रासाठी गप्प राहिलो. नंतर नुसताच."

ती खाली बसली. मग म्हणाली, "त्यांच्या बाबांना काय माहीत आहे?"

"हेच. की तो नीट ऐकत नव्हता."

"म्हातारा अजून आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही इथे काय बसलात?"

रजा मला नोव्हेंबरशिवाय नाही. मी कॅसेट भरली. मुलीनं मशीन लावून दिलं, "पप्पा, प्रेस द रेड बटन अँड टॉक," म्हणाली आणि तिच्या आईनं तिला बाहेर नेलं. मी अकरा मिनिटं बोललो. फोन, वही, तेहतीस किलो, पत्र, दिवाळी, सगळं. शेवटी म्हणालो, "काका, इनासनं बरोबर ऐकलं होतं. जे मी बोललो तेच त्यानं केलं." तुझा गाववाला मआमीरहून सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हातात दिली. आधी मी हाजीकडेही गेलो. तो आता थकलाय. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सावंत, फोनवर 'मालूम' कोण म्हणालं होतं ते मला माहीत होतं. मी तुझी वाट बघत होतो." कपाटातून काढलेला तुझा पासपोर्ट तुझ्या शवपेटीबरोबर वसईला गेला होता, त्या कप्प्यात काही नव्हतं, तरी तो तिकडेच पाहत होता.

काल बाबांचं उत्तर आलं. दुसऱ्या कॅसेटवर, त्यांच्याकडच्या जुन्या. मी दार लावून ऐकलं.

"सावंत, तुझी कॅसेट तीनदा ऐकली. रोझीला बाहेर पाठवून ऐकली. तू सांगितलंस ते बरं केलंस, असं फादर म्हणाले. मी नाही म्हणत. इनास सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी मी त्याचा कान धरायचो. घरात चार माणसं असली तर सगळ्यांसमोर धरायचो. म्हणायचो, या कानानं मला आंधळं केलं, मला माझा पोरगा बघू दिला नाही. हसत म्हणायचो, पण म्हणायचो. दरवर्षी. आता ते मी कुठे परत घेऊ? ते तू मला सांग. तुला सगळं मोजता येतं म्हणायचा तो."

मग रोझीचा आवाज, "बंद करू, बाबा?" आणि खटका.

  

टेप मात्र चालूच होती. बाबांचं बोलणं थोडं, आणि त्याखालचं आधीचं बोलणं लांब, त्यामुळे पुढे जुनं तसंच राहिलं होतं. मागच्या वर्षीचं, या खोलीत भरलेलं. तू बोलत होतास. "...रांजण धुवून ठेवलेत, बाबा. विहिरीचं पाणी अजून खारट झालंय. सावंत आलाय, तुमच्याशी बोलायचंय म्हणतो. ये रे."

मग माझा आवाज. मला हे भरल्याचं आठवतही नव्हतं. "नमस्कार, काका. इनास ठीक आहे, काळजी करू नका. काम चांगलं करतो. ऐकत तेवढा नाही, ते तुम्हाला सांगायला नकोच. कान आपलाच धरायचा तुम्ही, दुसरा इलाज नाही त्याला."

मी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. माझ्यानंतर तू हसतोस, ते मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की हसण्याआधी तू काहीतरी म्हणतोस. आवाज मोठा करून, मशीनला कान लावून ऐकलं. "सावंत, तूच तर संपवा..." एवढं म्हणून तू थांबतोस. मग हसतोस.